निकाल हिवाळ्यात येतो, उन्हाळ्यात जातो

प्रश्न : मॅडम, मी नागपुरात पीएच.डी. करते, चौथं वर्ष सुरू आहे. एम.एस्सी. वनस्पतिशास्त्रात केली, मग जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) मिळाली. विषय आहे झाडांची रोगप्रतिकारशक्ती. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगात वापरतात त्या छोट्या झाडाचा एक म्युटंट (जनुकात बदल झालेलं झाड) माझ्याकडे आहे. सुडोमोनास जिवाणू टोचला की साध्या झाडापेक्षा याच्या पानात तो बराच कमी वाढतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा निकाल दर वेळी आला. एप्रिलमध्ये रिपीट केला तर दोन्ही झाडं सारखीच. जूनपासून कधी येतो, कधी नाही. गाइड म्हणतात, तुझ्या हातातच दोष आहे.

घरी काटोलजवळ बाबांची संत्र्याची बाग आहे. दोन वर्षांपासून डिंक्या (खोडातून डिंक वाहतो तो रोग) लागलाय. दादा पाहुण्यांसमोर म्हणतो, “झाडांच्या प्रतिकारशक्तीत डॉक्टर होऊन राहिली, अन् घरचं एक झाड वाचवता येत नाही.” मला उत्तर सुचत नाही. जर्मनीतल्या एका लॅबने पोस्टडॉकसाठी (पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या कामासाठी) विचारलंय. काका म्हणतात एमपीएससी दे, आई लग्नाचं काढते. मला तर वाटतं, संशोधनच सोडून द्यावं. काय करू?
(नाव छापू नये, नागपूर)

उत्तर : तुझ्या पत्रात मी सगळ्यात आधी महिने पाहिले. थंडीत निकाल येतो, एप्रिलमध्ये जातो, पाऊस लागला की लपंडाव सुरू. हातात दोष असता तर तो कॅलेंडर बघून आला नसता. म्हणून संशोधन सोडायचं की नाही हा प्रश्न जरा बाजूला ठेव. तो तू अशा निकालाच्या आधारावर विचारते आहेस, ज्याचा अर्थ अजून कुणी नीट लावलेला नाही.

तुझ्या ग्रोथ चेंबरच्या (झाडं वाढवायच्या बंदिस्त खोलीच्या) दारावर २२ अंश दिसत असणार. आत, दिव्यांच्या खाली, पानाच्या उंचीवर किती असतात हे कुणी मोजलंय का? बाहेर ४३-४४ असताना त्या खोलीचा एसी दुपारी दमतो, कॉम्प्रेसर ट्रिप होतो. वीज दहा मिनिटं गेली तर जनरेटरवर दिवे लागतात, पण थंडावा कधी परत येतो ते चेंबरलाच ठाऊक. आकडा दाखवणारा सेन्सर बहुधा हवेच्या झोताजवळ बसवलेला असतो आणि तुझा ट्रे वरच्या कप्प्यात, दिव्याला चिकटून. मे २०२४ च्या अखेरीस आपल्याच शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते, आठवतं? देशभर बातमी झाली आणि मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडलाय. यंत्रावरचा आकडा आणि खरं तापमान यांत अंतर पडू शकतं हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. प्रयोगशाळेत मात्र आपण ते हमखास विसरतो.

आता हे एवढं का लावून धरते आहे ते सांगते. झाडाची रोगप्रतिकारशक्ती तापमानाला फार हळवी असते. तंबाखूत एन नावाचं एक जनुक आहे. मोझॅक विषाणू पानात शिरला की त्या जागेच्या पेशी स्वतःच मरतात, तिथे लहानसा कोरडा डाग पडतो आणि विषाणू तिथल्या तिथे अडतो. तेच झाड २८ अंशांच्या वर ठेवलं तर डाग पडत नाही आणि विषाणू मोकाट पसरतो. ही गोष्ट कित्येक दशकांपासून माहीत आहे. अरॅबिडॉप्सिसमध्ये एसएनसी-१ नावाचा म्युटंट आहे, तू वाचलाच असशील. २२ अंशांवर तो खुजा, पानं वळलेली, रोगाला दाद न देणारा, कारण त्याची संरक्षणयंत्रणा सदा चालूच असते. तोच २८ वर वाढवला तर चारचौघांसारखा उंच होतो आणि रोगालाही बळी पडतो. २०२२ साली ड्यूक विद्यापीठातल्या गटाने ‘नेचर’मध्ये यामागचं एक कारण मांडलं. तापमान वाढलं की सॅलिसिलिक आम्ल तयार करायला लावणारं सीबीपी६०जी हे जनुक मंदावतं, आम्ल बनत नाही आणि झाड उघडं पडतं. ते जनुक त्यांनी मुद्दाम चालू ठेवलं तेव्हा उष्णतेतही संरक्षण परत आलं. हे सॅलिसिलिक म्हणजे ज्याच्यापासून अ‍ॅस्पिरिन करतात तेच. झाडाची तर ती घरची वस्तू.

म्हणजे तुझा म्युटंट खरा असेल आणि त्याची ताकद सॅलिसिलिकच्या वाटेने येत असेल, तर एप्रिलमध्ये तो निकाल नाहीसा व्हायलाच हवा होता. खरा आहेच असं मी इथे बसून म्हणणार नाही. ते तुलाच दाखवावं लागेल.

पानाच्या उंचीवर एक साधा डेटा लॉगर ठेव, दर पाच मिनिटांनी तापमान आणि आर्द्रता नोंदवणारा. महागडा नसतो, लॅबच्या किरकोळ खर्चात बसतो. आर्द्रतेचं मुद्दाम म्हणते, कारण सुडोमोनासला पानाच्या आत ओल लागते. त्याची काही प्रथिनं पेशींमधल्या पोकळीत पाणी भरून घेतात आणि हवा दमट असेल तरच ते नीट जमतं. मृग लागल्यावर तुझ्या चेंबरचं दार प्रत्येक वेळी उघडताना काय आत जातं याचा विचार कर. जूनपासूनच्या लपंडावाचं उत्तर तिथेही असू शकेल.

मग बिया. ज्या पाकिटातून एप्रिलमध्ये पेरलं त्यातलं झाड म्युटंटच आहे ना, हे पीसीआरने (डीएनए तपासून) पुन्हा पाहा. जिवाणू उणे ८० च्या ग्लिसरॉल साठ्यातून नव्याने काढ, फ्रिजमधल्या जुन्या प्लेटवरून नको. आणि शून्य दिवसाची मोजणी. बहुतेक मुलं ही गाळतात. बिनसुईच्या सिरिंजने पानाच्या पाठीमागून द्रावण दाबलं की ओला गडद डाग पसरतो. तो सुकला की त्याच दिवशी दोनतीन पानांतून चकत्या काढून, वाटून प्लेटवर पसरायच्या. दोन्ही झाडांत सुरुवातीला सारखेच जिवाणू गेले होते याचा हाच पुरावा. तो नसेल तर तिसऱ्या दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही.

हे झालं की खरा प्रयोग : एकाच दिवशी पेरलेली साधी झाडं, तुझा म्युटंट आणि तुलनेला एसएनसी-१, निम्मी २२ वर, निम्मी २८ वर. एसएनसी-१ चं बी स्टॉक सेंटरमधून (संशोधनाच्या बिया साठवणाऱ्या केंद्रातून) मागवता येतं. दोन चेंबर नसतील तर शेजारच्या विभागात विचार, एक संध्याकाळ हात जोडण्यात जाईल. २२ वर फरक दिसला आणि २८ वर पुसला गेला, तर ज्याला तुझी लॅब फसलेला प्रयोग म्हणते आहे ते तुझ्या प्रबंधाचं एक प्रकरण होईल. फरक कुठेच दिसला नाही, तर तेही कळलेलं बरं. चौथ्या वर्षात कळलं तर विषय थोडा वळवता येतो, सहाव्यात कळलं तर रडू येतं.

लेबलं आणि साठे तपासताना कमीपणा वाटून घेऊ नकोस. पामेला रोनाल्ड हे या क्षेत्रातलं फार मोठं नाव. धानावरच्या कडा करपा या जिवाणूच्या रोगाला अडवणारं एक्सए-२१ हे जनुक त्यांच्या गटाने १९९५ साली शोधून काढलं. या जनुकाला जिवाणूतलं नेमकं काय ओळखता येतं, यावर त्यांच्या लॅबने २००९ साली ‘सायन्स’मध्ये शोधनिबंध छापला. पुढे लॅबमध्ये नव्याने आलेल्या संशोधकांना तो निकाल मिळेना. खोदत गेल्यावर कळलं की जिवाणूंच्या काही वाणांच्या लेबलांचीच गल्लत झाली होती आणि एक चाचणीही भरवशाची नव्हती. २०१३ मध्ये त्यांनी निबंध उघडपणे मागे घेतला आणि २०१५ मध्ये त्याच लॅबने खरा रेणू शोधून छापला. त्यांचं करिअर त्याने संपलं नाही. मला विचारशील तर ज्या नवख्या मुलांनी ‘आम्हाला हे येत नाही’ असं तोंड उघडून सांगितलं, त्यांचं मोल त्यात सगळ्यात मोठं.

गाइडांकडे मात्र ‘माझा हात नाही, तुमचं मशीन’ असं म्हणत जाऊ नकोस. एका कागदावर आलेख काढून जा : खाली तारखा, वर पानाजवळचं तापमान आणि त्याच तारखांचे जिवाणूंचे आकडे. बोलायचं ते एवढंच की हा प्रयोग करून बघायचा आहे, दोन महिने द्या. गाइड रागावतात ते बहुतेक वेळा निकालाच्या काळजीने. समोर आकडे आले की त्यांच्यातला जुना विद्यार्थी जागा होतो. सगळ्यांच्यातला होतोच असं नाही, हेही खरं. तसं झालं तर तुझ्या संशोधन सल्लागार समितीतल्या एखाद्या सदस्याला तो आलेख दाखव. समिती त्यासाठीच असते, नुसती सहामाही अहवालावर सही करायला नाही.

आता दादा. तो जे मागतोय ते डॉक्टरकडे मागायचं असतं आणि तू आहेस औषध कसं लागू पडतं हे शोधणाऱ्यांतली. या कामाला लागणारा काळ दादाच्या हिशेबात बसत नाही. एच. एच. फ्लोर नावाचे एक अमेरिकन शास्त्रज्ञ होते, नॉर्थ डाकोटातल्या फार्गो गावी. मोठी प्रयोगशाळा नाही, मोठं शहर नाही. त्यांनी नोकरीची बहुतेक वर्षं एका पिकावर आणि त्याच्या एका रोगावर घालवली : जवस आणि जवसावरचा तांबेरा. होय, ज्याची आपण चटणी करतो तोच जवस. संकर करून, पिढ्या मोजून त्यांनी १९४० च्या दशकात मांडलं की जवसातल्या प्रत्येक प्रतिकारक जनुकाला तांबेऱ्यात एक जोडीदार जनुक असतं आणि जोडी जुळली तरच झाड रोग ओळखतं. हे काम सुरू झालं तेव्हा जनुक डीएनएचं बनलेलं असतं हेही ठरलेलं नव्हतं. झाडाकडचं असं जोडीतलं जनुक पहिल्यांदा हाती आलं १९९३ साली, टोमॅटोत. फ्लोर यांचा या कल्पनेकडे नेणारा निबंध १९४२ चा. मधली वर्षं तूच मोज. आज तू ‘ईटीआय’ (रोगजंतूची खूण ओळखून झाड करतं तो प्रतिकार) हा शब्द सेमिनारमध्ये बिनधास्त वापरतेस, त्याच्या मुळाशी तो जवस आहे.

आणि ते शेतापर्यंत पोचतच नाही असंही नाही. वर म्हटलेलं एक्सए-२१ आणि आणखी दोन जनुकं घेऊन हैदराबादच्या सीसीएमबी (पेशी आणि रेणूंच्या जीवशास्त्राची संस्था) आणि भात संशोधन संस्थेच्या लोकांनी सांबा मसुरीत कडा करप्याचा प्रतिकार आणला, तोही साध्या संकराने, मार्कर (डीएनएतली खूण) बघून रोपं निवडत, दाण्याची जात न बिघडवता. २००८ साली सुधारित सांबा मसुरी शेतकऱ्यांना मिळाली. भंडारा-गोंदियाकडच्या कुठल्याही धानवाल्याला कडा करपा काय असतो ते विचार, म्हणजे या कामाची किंमत कळेल. दादाला हे सगळं ऐकवू नकोस, तो पहिल्या वाक्यालाच उठून जाईल. हे तुझ्यासाठी.

दादासाठी दुसरं. येत्या रविवारी बागेत जा. पीएच.डी.चा पुरावा द्यायला नव्हे, बाबांची बाग आहे म्हणून. डिंक्या करणारी फायटोफ्थोरा बुरशीसारखी दिसते, पण बुरशी नाही. तिचं नातं समुद्रातल्या तपकिरी शेवाळाशी जास्त जवळचं, आणि तिचे बीजाणू पाण्यात पोहतात. म्हणून आधी आळी पाहा. पाणी खोडाला टेकत असेल तर दुहेरी आळं करा, आतल्या वर्तुळात पाणी जाता कामा नये. कलमाचा जोड मातीखाली गाडला गेलाय का तेही बघ, भारी काळ्या जमिनीत माती चढवता चढवता हे फार होतं. डिंक वाहतो तिथली साल धारदार चाकूने हळूच खरवड. रोगट भाग तपकिरी दिसतो, निरोगी साल हिरवट पांढरी. हिरवट कड लागेपर्यंत खरवड, पुढे नको. जखम एक टक्का पोटॅशियम परमँगनेटने धू आणि वर बोर्डो पेस्ट लाव : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. कालवायला प्लास्टिकची बादली घे, लोखंडाची नको. खरवडलेली साल बागेत पडू देऊ नका, गोळा करून जाळा. मुळांचा आणि मातीचा नमुना अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत नेऊन दे, तुला तर ते येता-जाता पडेल. फवारणी आणि ड्रेंचिंगचं (मुळाशी औषध ओतण्याचं) प्रमाण त्यांनाच विचार, कृषी केंद्रवाल्याला नाही.

तिथे बहुधा फोसेटिल हे नाव निघेल. ते ऐकलंस की बाबांना एक सांग : हे औषध रोगाला थेट तर मारतंच, पण झाडाच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीलाही चेतवतं. मी ज्या विषयात शिकते तो विषय तुम्ही पैसे देऊन झाडाच्या मुळाशी ओतता आहात. एवढं बाबांना पटकन कळेल. दादाही ऐकत असेल, त्याच्याकडे बघू नकोस.

करिअरचं बोलू. गोड बोलून तुला फसवणार नाही : या विषयात कायम जागा थोड्या आहेत आणि उमेदवार खूप. फेलोशिपमध्ये आता जेआरएफला महिना ३७,००० आणि तिच्या पुढच्या टप्प्याला, एसआरएफला, ४२,००० मिळतात, पण पाच वर्षं झाली की ती संपते, प्रबंध संपो न संपो. तुझ्याकडे उरलंय साधारण एक वर्ष. त्यामुळे या वर्षात नवा विषय, नवी परीक्षा, नवा कोर्स काही नको. एमपीएससीबद्दल काकांना आदराने सांग की ते पूर्ण वेळेचं काम आहे, आणि कृषी सेवेच्या जागांना कृषीची पदवी लागते, वनस्पतिशास्त्राची चालत नाही. कृषी संशोधन सेवेची परीक्षा मनात असेल तर जाहिरातीतला पात्रतेचा रकाना आधी वाच. तिथेही काही शाखा तुला बंद असतील, काही उघड्या. अधिकारी होणं चांगलंच आहे, पण एप्रिलचा निकाल आला नाही म्हणून कुणी अधिकारी होऊ नये.

लग्नाचं मी काय सांगू! मुलगा बघायला आला तर त्याला विचार, दोन वर्षं जर्मनीला गेले तर चालेल का. त्याच्या तोंडाकडे पाहिलंस की उत्तर कळेल.

जर्मनीला जावं असं माझं स्पष्ट मत आहे, पण एका अटीवर. त्यांच्या उरलेल्या प्रोजेक्टचं शेपूट धरून जाऊ नकोस. झाडांच्या प्रतिकारशक्तीवर तिथे उत्तम काम चालतं, कोलोनच्या माक्स प्लांक संस्थेचं नाव तुला माहीतच आहे. पण २८ अंशांवर झाड का हरतं हे बघायला त्यांना चेंबरची बटणं फिरवावी लागतात, तुझ्या नागपुरात ती उष्णता फुकट मिळते. तुझा प्रश्न तुला इथल्या उन्हाने दिलाय. उष्णतेत कुठली प्रतिकारशक्ती मान टाकते आणि कुठली टिकते? धानातलं एक्सए-७ हे कडा करप्याविरुद्धचं जनुक तर गरम हवेत जास्त चांगलं काम करतं, ते कसं? ४५ अंशांत उभ्या असलेल्या संत्र्याच्या झाडात मे महिन्यात सॅलिसिलिकचं काय होतं? पोस्टडॉकच्या अर्जात हे स्वतःच्या शब्दांत दोन पानं लिही. पाच वर्षांनी परत यायचं म्हटलं तर रामलिंगस्वामी फेलोशिपसारख्या वाटा बाहेर काम करणाऱ्यांसाठीच आहेत, आणि तिथेही तुझी ओळख याच प्रश्नाने होईल. लॅब मोठी होती म्हणून कुणी नोकरी देत नाही. या बाईला काय शोधायचंय, एवढं निवड समिती विचारते.

त्या लॅबला होकार देण्याआधी चार गोष्टी मेलवर विचार, संकोच न करता : पगार कुणाच्या ग्रँटमधून आणि किती वर्षांचा, प्रोजेक्ट जाताना सोबत नेता येईल का, हम्बोल्ट किंवा मारी क्युरी फेलोशिपसाठी ते तुझ्या अर्जाला पाठिंबा देतील का, आणि गेल्या काही वर्षांत तिथून बाहेर पडलेले लोक आज कुठे आहेत. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गोलमोल आलं तर त्या लोकांची नावं लॅबच्या शोधनिबंधांवर असतातच. दोघांना स्वतः लिही. भारतीय असेल तर फोनवर अर्धा तास मोकळेपणाने बोलतात, हा माझा अनुभव.

या आठवड्यात त्यांना उत्तर जाऊ दे. ‘विचार करून कळवते’ असं लिहून महिना घालवलास तर जागा दुसऱ्याला जाते. लिही की प्रबंध अमुक महिन्यात जमा होईल, त्यानंतर येता येईल, आणि सध्या मी तापमानाचा एक प्रयोग करते आहे, त्याचे आकडे आले की पाठवते. प्रबंधाचा महिना मात्र गाइडांशी बोलूनच टाक.